शिकण्याचा विकी चालवायचा तर : सांगली-साताऱ्यातल्या नव्या स्वयंसेवकांसाठी

विकी, म्हणजे अनेकांनी मिळून लिहायची आणि दुरुस्त करायची वेबसाइट, सुरू होतो जूनमध्ये. शाळा भरते, कॉलेज भरतं, उत्साह असतो. दिवाळीपर्यंत पन्नास-साठ पानं होतात. पुढच्या मे महिन्यात ज्या सरांकडे पासवर्ड होता त्यांची बदली कोरेगावहून थेट जतला होते. मग क्लासच्या जाहिराती येऊन पडतात आणि त्या काढायला कुणी नसतं. पानं लिहायला माणसं मिळतात, राखायला मिळत नाहीत. म्हणून या लेखात लिहिण्यापेक्षा राखण्याबद्दल जास्त आहे.

१. आधी जागा ठरवा

दोन वाटा आहेत. पहिली, विकिमीडियाच्या, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या, चालू प्रकल्पावर काम करणं. पाठ्यपुस्तकासारखा सलग मजकूर असेल तर मराठी विकिबुक्स. जुनी, प्रताधिकार संपलेली पुस्तकं टंकायची असतील तर विकिस्रोत. नुसती माहिती असेल तर विकिपीडिया. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, त्यामुळे तिथले साचे (पानावर लावायचे तयार ठोकळे) आणि संकेत (ठरलेले नियम) तयार मिळतात. धडे, उपक्रम, प्रश्नसंच असा मजकूर असेल तर विकिव्हर्सिटी हा २००६ साली सुरू झालेला प्रकल्प त्यासाठीच आहे. ज्या भाषेची स्वतंत्र विकिव्हर्सिटी नाही, तिचं काम आधी बीटा विकिव्हर्सिटी या सामाईक जागेवर उभं राहतं.

दुसरी वाट म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर मीडियाविकी हे विकी चालवणारं सॉफ्टवेअर बसवणं. सॉफ्टवेअर फुकट आहे, पण डोमेनचं नूतनीकरण, अपडेट, स्पॅम आणि बॅकअप सगळं तुमच्या गळ्यात येतं. पहिले सहा महिने ही वाट धरू नका. सहा महिने पहाऱ्याची पाळी (रोज कुणीतरी नवे बदल तपासणं, सातवा टप्पा पाहा) न चुकता चालली तर मग सर्व्हरचा विचार करा. पाळी चालली नाही तर सर्व्हर असून उपयोग नाही.

२. सुरू करण्यापूर्वी हाताशी काय हवं

- किमान पाच माणसं, आणि ती एकाच संस्थेतली नकोत. कराडचे दोघं, विट्याचा एक, मिरजेचे दोघं अशी मोट बांधली तर एका ठिकाणची परीक्षा किंवा यात्रा आली म्हणून काम थांबत नाही.
- गटाच्या नावाचा स्वतंत्र ईमेल. कुणाचाही वैयक्तिक नको. पुनर्प्राप्तीचे मोबाइल क्रमांक दोन वेगवेगळ्या माणसांचे.
- प्रत्येकाचं आपापलं खाते. एक खाते चौघांत वाटून घेतलं की कुठला बदल कुणी केला हे कळत नाही, आणि बंदी आली तर चौघांवरही येते.
- युनिकोडमध्ये टंकता येणं. इनस्क्रिप्ट किंवा मोबाइलचा मराठी कळफलक, काहीही चालेल. विकिमीडियाच्या पानांवर कंट्रोल-एम दाबून रोमन कळांनीही मराठी टंकता येतं.
- मजकूर देणाऱ्यांकडून घ्यायच्या परवानगीचा छापील नमुना. का, ते सहाव्या टप्प्यात.

३. पहिल्या कार्यशाळेत खाती अडतात

हा सापळा जवळपास प्रत्येक नव्या गटाला गाठतो. विकिमीडियावर एका अंकपत्त्यावरून (आयपी ॲड्रेसवरून) चोवीस तासांत सहाच नवी खाती उघडता येतात. कॉलेजच्या लॅबमधले तीस संगणक बाहेरच्या जगाला बहुधा एकाच अंकपत्त्याने दिसतात. सातव्या मुलीला चूक दाखवली जाते, ती चार वेळा प्रयत्न करते, आणि कार्यशाळेचा पहिला तास यातच जातो.

उपाय सोपा आहे. खाती आदल्या दिवशी घरून, आपापल्या मोबाइलवरून उघडायला सांगा. मोठा कार्यक्रम असेल तर ही मर्यादा तात्पुरती वाढवून मागता येते, मात्र विनंती निदान आठवडाभर आधी करावी लागते, आणि त्यात लॅबचा अंकपत्ता, तारीख, वेळ आणि अंदाजे संख्या द्यावी लागते.

दुसरी अडचण म्हणजे वीस जणांनी एकच पान उघडणं. पहिल्याने जतन केलं की त्याच ओळींवर काम करणाऱ्या इतरांना एडिट कॉन्फ्लिक्ट (एकाच वेळच्या बदलांची टक्कर) येतो. गोंधळून ते आपला मजकूर वरून डकवतात आणि आधीच्याचं काम पुसलं जातं. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) लिहायचं. सामाईक पानावर काम असेल तर विभाग वाटून द्या, आणि विभागाशेजारच्या ‘संपादन’ दुव्यावरूनच आत जायला शिकवा.

४. देवनागरीचे न दिसणारे खड्डे

दिसायला सारखी, पण विकीच्या लेखी वेगळी अशी शीर्षकं मराठीत फार होतात. ‘साताऱ्यातली’ हा शब्द काही कळफलक ऱ या स्वतंत्र अक्षराने लिहितात, तर काही साध्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्याला फरक दिसत नाही, पण विकीला ती दोन वेगळी पानं वाटतात. ‘ॲ’चंही तेच. एका कळफलकावर ते एक अक्षर असतं, दुसऱ्यावर अ आणि वरचा चंद्र अशी जुळणी. एकाच धड्याची दोन पानं होतात, दोघं दोन्हीकडे लिहीत राहतात, आणि शोधलं तर एकच सापडतं.

त्यासाठी नियम करा: शीर्षकात ऱ आणि ॲ ही स्वतंत्र अक्षरंच वापरायची. दुसऱ्या पद्धतीने बनलेलं पान सापडलं तर त्यातला मजकूर मूळ पानात विलीन करा आणि त्या दुसऱ्या पानावर पुनर्निर्देशन (वाचकाला आपोआप मूळ पानावर नेणारा दुवा) ठेवा. ‘हळद लागवड’, ‘हळदीची लागवड’, ‘हळद-लागवड’ यांचंही असंच, एक पान खरं आणि बाकीची पुनर्निर्देशनं. अंक देवनागरी की इंग्रजी हे पहिल्याच आठवड्यात ठरवून टाका.

शीर्षकाची कमाल लांबी २५५ बाइट असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार धरून ८५ चिन्हं. ‘सांगली जिल्ह्यातील दुष्काळी तालुक्यांमधील पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रमाचा विद्यार्थ्यांसाठी परिचय’ हे शीर्षक स्वीकारलंच जात नाही. तसं नाव कुणाला आठवणारही नाही, ते सोडा.

शेवटचा खड्डा डीटीपीचा. जुन्या फाँटमध्ये टंकलेली प्रश्नपत्रिका किंवा स्मरणिका विकीवर डकवली की निरर्थक चिन्हांचा ढीग पडतो. आधी परिवर्तकातून युनिकोड करून घ्या, आणि मग रफार, जोडाक्षरं आणि पहिल्या वेलांट्या डोळ्यांनी तपासा. परिवर्तक नेमका तिथेच चुकतो.

५. धड्याचं पान कसं बांधायचं

धडा म्हणजे लेख नव्हे. वर चार ओळी हव्यात: कुणासाठी, आधी काय येत असायला हवं, किती वेळ लागेल, साहित्य काय. मग मुख्य मजकूर, मग करून बघायचं काम, मग प्रश्न. उत्तरं उपपानावर ठेवा, नाहीतर मुलं खाली सरकवून वाचून मोकळी होतात.

प्रत्येक धड्याला ‘तपासले’ असा साचा लावा, त्यात तपासणाऱ्याचं सदस्यनाव आणि तारीख. लिहिणाऱ्याने स्वतःचा धडा स्वतः तपासायचा नाही.

तपासणाऱ्याने सगळ्यात आधी आकडे आणि एककं पाहायची. हळदीच्या धड्यात कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी असते आणि आपल्याकडे बोलणं एकरात किंवा गुंठ्यात होतं. हेक्टरी खताचा आकडा कुणी एकरी म्हणून लिहिला तर मात्रा जवळजवळ अडीचपट होते. धडा वाचून शेतकऱ्याच्या मुलाने घरी सांगितलं, वडिलांनी टाकलं, तर नुकसान खरंखुरं आहे. म्हणून औषध आणि खताच्या मात्रेला संदर्भ नसेल तर ती ओळ ठेवायचीच नाही, ‘संदर्भ हवा’ असं लिहून लटकवायचीसुद्धा नाही. कसबे डिग्रजला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हळदीवरचं संशोधन चालतं. तिथल्या शिफारशी आधी पाहा, आणि कुठल्या वर्षीची शिफारस ते लिहा.

रोज बदलणाऱ्या गोष्टी धड्यात घालू नका. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, ही माहिती धड्यात शोभते. ‘आज पाणी किती’ ही शोभत नाही. पुराच्या दिवसांत जुना आकडा कुणी आजचा समजून वाचला तर घबराट होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे गाफीलपणा. हळदीचा, बेदाण्याचा बाजारभावही याच कारणाने बाहेर.

६. प्रताधिकार

नव्या गटांची पानं वगळली जातात ती बऱ्याचदा याच कारणाने. सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य असं: ‘नेटवर फुकट आहे की.’ बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ फुकट उतरवता येते, पण तिचा प्रताधिकार मंडळाकडेच असतो. धडा, चित्र, स्वाध्याय, काहीही जसंच्या तसं उचलता येत नाही. अभ्यासक्रमातला विषय घ्यायचा, वाक्यं आपली लिहायची.

भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार असतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. उदाहरणं आपल्याच मातीतली घ्या. सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली वारले, त्यांचं लेखन २००९ पासून भारतात मुक्त आहे. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावर २०२९ च्या अखेरपर्यंत हक्क आहे. १९७६ साली वारलेल्या वि. स. खांडेकरांचं लेखन २०३७ उजाडल्यावर. लेखक जुना आहे, गावचा आहे, त्याचा पुतळा चौकात आहे, यातलं काहीही हिशेबात धरलं जात नाही.

दोन बारकावे नवे लोक विसरतात. खाडिलकरांचं नाटक मुक्त असलं तरी त्याच्या अलीकडच्या आवृत्तीची प्रस्तावना आणि टिपा संपादकाच्या असतात, त्या घ्यायच्या नाहीत. आणि स्कॅन विकिमीडिया कॉमन्सवर (चित्रं आणि फाइलींच्या सामाईक साठ्यावर) चढवायचं असेल तर मूळ देशाबरोबर अमेरिकेतला प्रताधिकारही संपलेला असावा लागतो.

हयात लेखकाकडून किंवा शिक्षकाकडून मजकूर घेताना ‘घ्या की, आपलंच काम हाय’ हे तोंडी उत्तर पुरत नाही. लेखी परवानगीत तीन गोष्टी हव्यात: नेमका कुठला मजकूर किंवा छायाचित्र, हक्क सही करणाऱ्याचेच आहेत याची कबुली, आणि परवान्याचं पूर्ण नाव. विकिमीडियासाठी ते क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश-समवितरण ४.०. ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ किंवा ‘फक्त तुमच्या विकीसाठी’ अशी परवानगी तिथे चालत नाही, कारण पुढचा माणूस तोच मजकूर छापून विकूही शकला पाहिजे. हे सांगितल्यावर काही जण मागे सरतात. सरू द्या. नंतर वगळण्यापेक्षा बरं.

एका विकीवरून दुसऱ्यावर मजकूर नेताना संपादन सारांशात मूळ पानाचा दुवा द्या. मुक्त मजकूर असला तरी श्रेय देणं ही परवान्याचीच अट आहे.

७. पहाऱ्याची पाळी

उसाला पाण्याची पाळी ठरलेली असते तशी विकीला पहाऱ्याची ठरवा. आठवड्याचे सात दिवस, सात नावं, आणि एक राखीव. माणसं पाचच असतील तर दोघांनी दोन-दोन दिवस घ्यावे. पाळीचा तक्ता विकीवरच एका पानावर हवा. गळीत हंगाम, बारावीची परीक्षा, दिवाळी, गावची यात्रा हे आधीच धरून अदलाबदल करा.

पाळीच्या दिवशीचं काम वीस मिनिटांचं:

‘अलीकडील बदल’ उघडा. आधी लॉग-इन न करता केलेले आणि नव्या खात्यांचे बदल, मग बाकीचे. प्रत्येकाचा ‘फरक’ बघा, पान बघू नका. पान बघून काहीच कळत नाही. शिवीगाळ आणि कोरं केलेलं पान लगेच दिसतं, ते सोपं. अवघड असतो तो आकड्यातला बदल: सालातला एक अंक, मात्रेतला दशांशचिन्हाचा खेळ, किंवा संदर्भाच्या दुव्याच्या जागी एखाद्या क्लासचा दुवा. सारांश कोरा आणि बदल दोन-तीन अक्षरांचाच असेल तर थांबून संदर्भ उघडून पाहा.

बदल उलटवताना (रद्द करताना) पानाचा इतिहास बघा. उत्पात करणाऱ्याने लागोपाठ दोन बदल केले असतील आणि तुम्ही शेवटचाच उलटवला, तर पहिला तसाच राहतो आणि वर तुमची मोहोर बसते. उलट, जुनी आवृत्ती उघडून सरळ जतन केली तर मधले चांगले बदलही जातात. म्हणून दोन आवृत्त्यांची तुलना करूनच काय ते ठरवा. उलटवल्यावर सारांशात कारण लिहा. नवशिक्याने चुकून काही केलं असेल तर त्याच्या चर्चा पानावर दोन ओळी आणि धूळपाटीचा दुवा द्या. नुसतं उलटवलेलं बघून चांगली पोरं परत येत नाहीत.

पाळी चुकली तर? दुसऱ्या दिवशीच्याने मागचा दिवसही बघायचा. विकिमीडियावर अलीकडील बदलांत ३० दिवसांचीच नोंद दिसते. महिनाभर कुणी फिरकलं नाही तर त्यापूर्वीचं एकेका पानाचा इतिहास उघडूनच शोधावं लागतं.

महिन्यातून एकदा दोघांनी बसून विशेष पाने चाळा: पोरकी पाने (ज्यांच्याकडे कुठूनच दुवा येत नाही), दुहेरी पुनर्निर्देशने (एका पुनर्निर्देशनावरून दुसऱ्यावर नेणारी), वर्ग नसलेली पाने, परवाना नसलेली चित्रं. तुटलेले दुवे सापडले तर काढून टाकू नका. त्या पानाची जुनी संग्रहित प्रत मिळते का ते आधी बघा.

८. निर्णय चावडीवर

व्हॉट्सॲप ग्रुप असणारच, असू द्या. पण तिथे ठरलेलं काहीही चावडीवर (विकीवरच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर) लिहिल्याशिवाय लागू नाही, हा पहिला नियम. ग्रुपवर नसलेल्या सदस्याला ‘हे ठरलंय’ असं सांगणं म्हणजे त्याला बाहेरचा ठरवणं.

प्रस्ताव मांडताना अडचण काय, करायचं काय, कधीपासून, हे तीन मुद्दे लिहा आणि शेवटी ~~~~ टाकून सही करा. किमान सात दिवस खुला ठेवा. हात मोजण्यापेक्षा कारणं तोला. ‘पाठिंबा, पाठिंबा’ असे पंधरा एकओळी कौल आणि एक मुद्देसूद हरकत असेल तर आधी हरकतीला उत्तर द्यायचं. मतदानाची वेळ आलीच तर पात्रता आधी लिहिलेली हवी, उदाहरणार्थ खाते महिनाभर जुनं आणि पन्नास संपादनं. नाहीतर कौलाच्या आदल्या रात्री एकाच वर्गातली वीस नवी खाती उगवतात. मुदत संपली की चर्चेत न पडलेल्या कुणीतरी निकाल लिहून चर्चा बंद करावी.

९. प्रचालक

प्रचालक म्हणजे मुख्याध्यापक नव्हे. त्याच्याकडे पान वगळणं, सुरक्षित करणं, खात्याला बंदी घालणं ही हत्यारं असतात. मजकुराच्या वादात त्याच्या शब्दाला इतरांइतकंच वजन. पदाने मोठ्या सरांना आदरापोटी प्रचालक करण्याची आपल्याकडे फार खोड आहे. सर कामात असतात, विकीवर येत नाहीत, आणि अधिकार पडून राहतात. प्रचालक होण्यासाठी पहाऱ्याच्या पाळीवर तीन महिने काढलेले असावेत, एवढी एकच अट बरीच गाळणी करते.

किमान तीन प्रचालक ठेवा, एका घरातले किंवा एका स्टाफरूममधले नकोत. छोट्या विकिमीडिया प्रकल्पावर आधी स्थानिक चर्चा लागते. मग तिचा दुवा देऊन मेटाविकीवर (सगळ्या प्रकल्पांच्या समन्वयाच्या विकीवर) प्रतिपालकांकडे (सगळ्या विकींवर अधिकार देऊ शकणाऱ्या सदस्यांकडे) विनंती करायची. छोट्या समूहांना हे अधिकार बहुधा ठरावीक मुदतीसाठीच मिळतात. स्वतःच्या विकीवरही एक वर्षाची मुदत घाला. सहा महिने काही हालचाल नसेल तर अधिकार काढायचे, आणि त्यात अपमान नाही हे नियमाच्या पानावरच लिहून ठेवा. प्रत्येक प्रचालकाने दुहेरी पडताळणी (पासवर्डबरोबर आणखी एक कोड मागणारी) चालू करायची.

१०. भांडण झालं तर

चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायचं नाही. इंग्रजी विकिपीडियावरचा हा नियम छोट्या विकीलाही पुरतो. त्यानंतर चर्चा पान. दोघंही ऐकत नसतील तर पान तीन दिवस सुरक्षित करा. कुठल्याही आवृत्तीवर सुरक्षित केलं तरी एक जण ‘चुकीच्या आवृत्तीवर केलं’ म्हणणारच, ते मनावर घेऊ नका. बंदी आधी सूचना देऊन, मग २४ तास, मग एक आठवडा. स्वतः वादात असलेल्या प्रचालकाने दुसऱ्या पक्षाला बंदी घालायची नाही, तिसऱ्याला बोलवायचं.

गावाच्या नावाची व्युत्पत्ती, घराण्यांचा इतिहास, देवस्थानाच्या मानाचे हक्क: या पानांवर पेटतं. तिथे ‘असे म्हणतात’ चालवू नका. प्रकाशित संदर्भ असेल तेवढंच ठेवा.

११. मुलांची नावं

सदस्यनावात पूर्ण नाव, इयत्ता, शाळा नको. ‘दहावी_ब_रोलनंबर_१४’ हेसुद्धा नको, शाळेतल्या कुणालाही ओळखता येतं. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालचं मूल बालक असतं आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. कार्यशाळेच्या फोटोत चेहरे असतील तर संमतीपत्र आधी घ्या. मुलाने आपला मोबाइल क्रमांक सदस्य पानावर लिहिला तर नुसता पुसून भागत नाही. तो इतिहासात दिसतच राहतो. प्रचालकाला सांगून ती आवृत्ती लपवून घ्या. ही विनंती चावडीवर क्रमांकासकट करू नका, असं होतं म्हणून सांगितलं.

१२. स्वतःचा सर्व्हर असेल तर

मीडियाविकीची दीर्घ आधार असलेली (एलटीएस) आवृत्तीच घ्या. तिला तीन वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. स्पॅमसाठी कॅप्चा पाहिजेच, पण चित्रातली अक्षरं ओळखायला लावण्यापेक्षा प्रश्न विचारणारं विस्तारक लावा. ‘आयर्विन पूल कुठल्या नदीवर आहे?’ याचं मराठीतलं उत्तर इथल्या आठवीतल्या मुलाला येतं, परदेशी सांगकाम्याला (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला) सहसा येत नाही. प्रश्न पाच-सहा ठेवा आणि स्पॅम वाढला की बदला. ‘कृष्णा’, ‘कृष्णा नदी’ अशी दोन्ही उत्तरं मान्य करायला विसरू नका, नाहीतर आपलीच माणसं बाहेर राहतात.

बॅकअपमध्ये तीन वस्तू लागतात: डेटाबेसची प्रत, चढवलेल्या चित्रांचा फोल्डर, आणि विकीच्या मांडणीची लोकलसेटिंग्ज ही फाइल. बहुतेक लोक पहिलीच घेतात आणि चित्रं गमावतात. प्रत आठवड्याला घ्या, एक सर्व्हरबाहेर, एक दुसऱ्या गावातल्या माणसाकडच्या हार्ड डिस्कवर. सांगलीत ही डिस्क तळमजल्यावर ठेवू नका, २०१९ चा पूर फार जुना नाही. लोकलसेटिंग्जमध्ये डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, म्हणून ती फाइल ग्रुपवर पाठवायची नाही.

डोमेन गटाच्या ईमेलवर नोंदवा आणि नूतनीकरणाची तारीख तिघांच्या कॅलेंडरमध्ये टाका. सहा महिन्यांतून एकदा, ज्याने विकी बसवला नाही अशा सदस्याला फक्त लिहिलेल्या सूचना आणि बॅकअप देऊन दुसऱ्या संगणकावर विकी उभा करायला सांगा. तो जिथे अडेल ती ओळ सूचनांत त्याच दिवशी दुरुस्त करा.